खो-खोच्या मैदानावरचं नागरिकशास्त्र : कुलूप, अर्ज आणि मग पोस्ट (प्रकल्प नोंदी)

१८ जून २०२५

आमच्या मंडळात तेरा ते अठरा वयाची मुलं-मुली खो-खो खेळतात. त्यांच्या मागे लागून आलेली दोन-चार बारा वर्षांचीही आहेत. सराव तालुका क्रीडा संकुलाच्या मैदानावर होतो. संकुलात मुलींसाठी स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची खोली बांधलेली आहे, पण दोन्हींना कुलूप असतं. मुली सरावाला येताना पाणी पीत नाहीत. आणलेली बाटली भरलेलीच घरी परत जाते. दीड तास पळायचं, सूर मारायचे आणि घसा कोरडा ठेवायचा, कारण घरी पोचेपर्यंत सोय नाही.

परवा दहावीतल्या एका मुलीनं त्या कुलपाची रील टाकली. कॅप्शनमध्ये वॉचमनकाकांचं नाव घालून लिहिलं की हेच चावी देत नाहीत. रात्रीपर्यंत काकांना शिव्या देणाऱ्या कमेंटांचा ढीग पडला. काकांकडे चावी नाहीच. ते ठेकेदाराकडून आलेले, गेटवर बसण्यापुरते. मुलीला हे कळल्यावर तिनं रील लगेच काढली, पण स्क्रीनशॉट गावच्या ग्रुपांवर फिरतच राहिले. आज काका आमच्याकडे न बघता गेट उघडून बाजूला झाले.

तक्रार शंभर टक्के खरी आणि मार बसला तो भलत्याच माणसाला. मुलांच्या हातात फोन आहे आणि राग रास्त आहे. ऑनलाइन बोलू नका असं सांगणं मला पटत नाही. कसं बोलायचं, कुणाला विचारून बोलायचं आणि बोलल्यावर जबाबदारी कशी घ्यायची, हे शिकवायला हवं. प्रशिक्षक सरांशी बोलून दर रविवारचा अर्धा तास मागून घेतला. हेच कुलूप हातात घेऊन शिकायचं ठरलं. इतर मंडळांना उपयोग होईल म्हणून नोंदी ठेवते आहे.

२२ जून

पहिलं सत्र फसलं. सराव संपल्यावर मुलांना ओट्यावर बसवून संविधानाचं कलम १९, अभिव्यक्तिस्वातंत्र्य, वाजवी निर्बंध असं सांगायला घेतलं. घामानं निथळणारी, भुकेली पोरं. “हे शाळेत झालंय ताई,” असं एकीनं सांगितलं ते खरंच होतं. अर्धा तास वाया गेला.

बदल दोन केले. सत्र आता सरावाच्या आधी, उभ्या-उभ्या. आणि आधी शेंगदाणे-गूळ. आठवड्याला दोनशे रुपयांच्या आत भागतं, हा खर्च टाळू नये.

२९ जून

आज जमलं. मैदानावर फक्कीनं तीन मोठे चौकोन आखले: पाहिलं, ऐकलं, वाटलं. काढून टाकलेल्या रीलमधलं आणि त्याखालच्या कमेंटांतलं एकेक वाक्य मी मोठ्यानं वाचायचं, मुलांनी धावत योग्य चौकोनात जायचं.

“स्वच्छतागृहाला कुलूप आहे.” सगळे ‘पाहिलं’मध्ये. “पाच वर्षांपासून बंद आहे.” निम्मी मुलं पुन्हा ‘पाहिलं’मध्येच. सगळ्यांत जुनी खेळाडू कोण ते विचारलं, तर तीही इथं येऊन दोनच वर्षं झालेली. तिनं स्वतःच चौकोन बदलला आणि तिच्यामागे बाकीचे सरकले. “काका मुद्दाम चावी देत नाहीत.” यावर बरीच ओढाताण झाली, शेवटी सगळे ‘वाटलं’मध्ये. “संकुलाचा पैसा खाल्ला.” इथं मुलं ‘ऐकलं’ आणि ‘वाटलं’ यांच्या मधल्या रेषेवर उभी राहिली.

त्यातून मुलांनीच नियम काढला. पोस्टमध्ये फक्त पहिल्या चौकोनातलं जाईल. दुसऱ्यातलं अर्ज करून विचारायचं. तिसऱ्यातलं आपल्यात ठेवायचं. कागदावरच्या तक्त्यानं हे साधलं नसतं. खेळाडूला चुकीच्या जागी उभं असल्याचं पायांनी कळतं.

१२ जुलै

गेल्या रविवारी आषाढी होती, बरीच मुलं दिंडीत. आज पालकांची बैठक घेतली. एका वडिलांनी पहिल्याच मिनिटाला विचारलं, “उद्या पोरीचं नाव पोलिसात गेलं तर तुम्ही येणार का तिच्याबरोबर?”

ही भीती उगाच नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये आपल्या पालघरच्याच दोन तरुणींना मुंबई बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. एकीनं लिहिलं होतं, दुसरीनं नुसतं लाइक केलं होतं. तेव्हा लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं, हे सांगितलं. बदनामीचा गुन्हा मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आजही आहे, हेही सांगितलं. लोकहितासाठी सांगितलेलं सत्य हा त्यात अपवाद आहे, पण सत्य दाखवायला कागद लागतो.

बैठकीत ठरलं ते असं. पोस्ट मंडळाच्या खात्यावरून जाईल, मुलांच्या खात्यांवरून नाही. कुणाही मुलाचा चेहरा किंवा नाव नाही. सरावाच्या वेळा लिहायच्या नाहीत आणि मैदानावर असताना काहीही टाकायचं नाही, कारण मुली पहाटे अंधारात येतात आणि त्या कधी कुठं असतात हे जगाला कळायचं कारण नाही. अर्जावर सही मोठ्या माणसाची. “येणार का” या प्रश्नाला सरांनी आणि मी “येणार” असं उत्तर दिलं आणि ते इतिवृत्तात लिहून घेतलं.

संमतिपत्राचा पहिला मसुदा दोन पानी होता. कुणीच वाचला नाही, सगळे सही कुठं करायची एवढंच विचारत होते. तो रद्द करून पाच वाक्यांचा केला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. त्यावर पालकाची सही आणि मुलाचीही. शेवटचं वाक्य: “मला कधीही नाही म्हणता येईल आणि त्यामुळे संघातली जागा जाणार नाही.” दोन मुलींनी तिथंच “आम्हाला नको” म्हटलं आणि त्या फक्त खेळताहेत. छपाई, झेरॉक्स दोन वेळा झाली, चारशेच्या आसपास खर्च.

बारा वर्षांच्या मुलांपैकी दोघांची इन्स्टावर खाती निघाली. तिथं किमान वय तेरा आहे, म्हणजे जन्मसाल खोटं टाकलेलं. त्यांना कागदी पोस्टरचं काम दिलं.

२१ जुलै

माहिती अधिकाराचा अर्ज दिला. मुलांचा पहिला मसुदा होता: “मुलींचं स्वच्छतागृह बंद का ठेवलं आहे?” असा ‘का’ विचारला की उत्तर टाळायला जागा मिळते. या कायद्यात कार्यालयाच्या दप्तरात असलेली माहिती मागता येते, कारणमीमांसा नाही. म्हणून प्रश्न कागदाकडे वळवले: चावी कुणाच्या ताब्यात आहे त्या नोंदीची प्रत, दुरुस्तीच्या अंदाजपत्रकाची प्रत, सफाईच्या ठेक्याची प्रत. त्यात मैदानावरच्या बंद दिव्यांचंही घातलं. नमुना ‘अ’, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प.

मुलांनी विचारलं, सही आम्ही का करायची नाही? कायद्यात वयाची अट नाही, नागरिक असणं पुरतं. पण अर्जावर घरचा पत्ता लागतो आणि तो लहान मुलाचा जाऊ नये, हे कारण दिल्यावर पटलं.

२७ जुलै

आज दोन खेळाडूंचे दोन व्हिडिओ.

फुटबॉलपटू सुनील छेत्रीनं २ जून २०१८ रोजी प्रेक्षकांना उद्देशून व्हिडिओ टाकला होता. आदल्या दिवशी अंधेरीच्या मैदानावर भारतानं चायनीज तैपेईला ५-० हरवलं आणि स्टँड जवळजवळ रिकामे होते. आमच्यावर टीका करा, शिव्या द्या, पण मैदानावर येऊन द्या, असं त्याचं म्हणणं. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची सगळी तिकिटं संपली. मुलांना विचारलं, त्यानं नेमकं मागितलं काय? एकच गोष्ट, आणि ती ऐकणाऱ्याला करता येण्यासारखी. आमच्या रीलमध्ये मागणीच नव्हती, नुसता राग होता, हे त्यांनीच पकडलं.

दुसरा नीरज चोप्राचा, २६ ऑगस्ट २०२१ चा. टोकियोच्या अंतिम फेरीत पहिल्या फेकीआधी आपला भाला पाकिस्तानच्या अर्शद नदीमच्या हातात होता, असं त्यानं एका मुलाखतीत सहज सांगितलं. त्यावरून लोक अर्शदवर तुटून पडले. नीरजनं व्हिडिओ करून सांगितलं की भाले सगळ्यांना वापरता येतात, यात नियमाविरुद्ध काही नाही, माझ्या नावाचा वापर करून घाण पसरवू नका. नव्यानं सुवर्ण मिळालेलं, देश डोक्यावर घेऊन नाचतोय, आणि त्याच वेळी आपल्याच चाहत्यांना थांबवायचं! किशोर, म्हणजे धाकट्या वयोगटाच्या, संघाचा कप्तान बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काकांना शिव्या पडत होत्या तेव्हा आपण कुणीच असं केलं नाही.”

१ ऑगस्ट

अर्ज परत आला. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांत हवा. स्वच्छतागृह आणि दिवे हे दोन विषय झाले. दोन आठवडे फुकट गेले. आता दोन वेगळे अर्ज, दोन वेगळे स्टॅम्प, सोमवारी देणार. तुम्ही करणार असाल तर पहिल्यापासूनच वेगळे करा.

१० ऑगस्ट

तालुका न्यायालयातल्या एक वकीलताई आल्या. विषय अवघड होता: मैदानावर कुणी वाईट वागलं तर.

कुमारी, म्हणजे मोठ्या मुलींच्या, संघाच्या कप्ताननं थेट विचारलं, “जानेवारी २०२३ मध्ये कुस्तीगीर जंतरमंतरवर बसले, ऑनलाइन बोलले, म्हणूनच लोकांनी ऐकलं ना?” वकीलताईंनी ते मान्य केलं. मग पुढचा क्रम सांगितला. लैंगिक छळाचा गुन्हा नोंदला गेला तो एप्रिलच्या शेवटी, सर्वोच्च न्यायालयात याचिका गेल्यावर. लोकांचं लक्ष पोस्टनं वेधलं, गुन्हा नोंदवून घ्यायला मात्र लेखी तक्रार आणि याचिका लागली. आणि त्यातल्या ज्या समोर येऊन बोलल्या त्या सज्ञान होत्या, स्वतःचा निर्णय स्वतः घेऊन बोलत होत्या.

लहान मुलाच्या बाबतीत वाट वेगळी. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवायचंच असतं. कलम २३ नुसार त्या मुलाचं नाव, पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, शाळा, राहण्याचा भाग, यातलं काहीही माध्यमांत जाऊ द्यायचं नाही. “आमच्या संघातली एक मुलगी” एवढं लिहिलं तरी आमच्या गावात ती कोण हे कळतं, हे मुलींना लगेच उमगलं. मोठ्या माणसाला सांगा, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, पोस्ट नको. संघात कुणाकडे बोलता येईल याची दोन नावं मुलींनी स्वतः निवडली. त्यात सर नव्हते. सरांनी ते मोकळेपणानं मान्य केलं, याचा मला आदर वाटतो.

दोनच दिवसांनी संसदेत राष्ट्रीय क्रीडा प्रशासन विधेयक मंजूर झालं. राष्ट्रीय महासंघांच्या कार्यकारिणीत जास्तीत जास्त पंधरा जण, त्यात किमान चार महिला, खेळाडूंची समिती, सुरक्षित खेळाचं धोरण. आमच्या मैदानापर्यंत यातलं काय आणि कधी पोचेल ते पुढचं पुढं. पण “आमच्या मंडळात खेळाडूंची समिती का नाही?” हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी आला आणि समिती झाली. तीन मुली, दोन मुलगे.

४ सप्टेंबर

माहिती आली. चावीची कुठल्याही नोंदवहीत नोंदच नाही. पाण्याची मोटर जळालेली, दुरुस्तीचं अंदाजपत्रक मंजुरीसाठी पडून. सफाईच्या ठेक्यात स्वच्छतागृहाचा उल्लेख नाही. म्हणजे पाणी नाही म्हणून बंद, आणि बंद म्हणून खोलीत मंडपाचं सामान.

दहावीतल्या त्या मुलीनं स्वतःहून दुरुस्ती लिहिली: आधीच्या रीलमध्ये काकांचं नाव घेतलं ते चुकीचं होतं, चावी त्यांच्याकडे नव्हती, माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तरात तिची नोंदच नाही. ती मंडळाच्या खात्यावर टाकली आणि स्क्रीनशॉट ज्या ज्या ग्रुपांवर फिरले होते तिथं तिथं मोठ्यांकरवी पाठवली. मग ती आणि दोघी-तिघी काकांकडे गेल्या. काकांनी फोन हातात घेतला, चष्मा नव्हता म्हणून तिलाच वाचायला सांगितलं. वाचून झाल्यावर म्हणाले, “परत एकदा वाच.” तिनं परत वाचलं.

११ सप्टेंबर

जिल्ह्याच्या किशोर-कुमार स्पर्धेच्या याद्या भरायच्या होत्या आणि नको ते झालं. समोरच्या एका संघातला मुलगा किशोर गटाच्या वयाचा वाटत नाही, म्हणून आमच्या एका मुलानं त्याच्या आधार कार्डाचा फोटो कुठूनतरी मिळवून ग्रुपवर टाकला. खाली “हा बघा काका खेळतोय” वगैरे सुरू झालं. चौदा वर्षांच्या आतबाहेरचं पोर, त्याचं आधार कार्ड! ग्रुपवरून फोटो काढायला लावला, कुणाच्या फोनमध्ये राहिला नाही ना हे एकेकाकडून तपासून घेतलं. शंका असेल तर स्पर्धा समितीकडे लेखी हरकत नोंदवता येते, ती सरांनी नोंदवली. तपासणं समितीचं काम.

तेवढ्यात किशोरांचा कप्तान सरांकडे आला. आपल्याच संघातल्या एका मुलाची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक आहे आणि जन्मनोंदीवर दुसरी, आणि दुसरी खरी आहे. तो मुलगा त्याचा जवळचा मित्र, संघातला सगळ्यांत चपळ पळणारा. सरांसाठी ही परीक्षाच होती, या संघावर त्यांनी वर्षभर मेहनत घेतली होती. समितीच्या पाच मुलांसमोर विषय ठेवला. पोस्टरवाल्या बारा वर्षांच्या पोरांपैकी एक मध्येच म्हणाला, “मी इन्स्टावर वय वाढवलं, याचं इथं कमी केलंय. दोन्ही खोटंच ना?”

नाव किशोर यादीतून काढलं, कुमार संघात राखीव म्हणून घेतलं. मुलाचे वडील संध्याकाळी येऊन बरंच बोलून गेले. किशोर संघ उपांत्य सामन्यात एका गुणानं हरला. तो मुलगा असता तर जिंकलो असतो असं सगळे म्हणतात, आणि तसं असूही शकेल. दोघा मित्रांचं अजून बोलणं नाही. ही किंमत तेरा वर्षांच्या पोरानं भरली आहे. त्याला मैदानावर सगळ्यांसमोर शाबासकी द्यावी असं सर म्हणत होते, मी नको म्हटलं. त्या दुसऱ्या मुलाची ती जाहीर शिक्षा झाली असती. सरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं.

२८ सप्टेंबर

पोस्ट टाकली. आधी त्याच मजकुराचं निवेदन संकुल समितीला आणि तहसील कार्यालयात दिलं, पोच घेतली, आणि मधे आठवडाभर वाट पाहिली. पोस्टमध्ये चार चित्रं: तारखेसह कुलपाचा फोटो, माहिती अधिकारातल्या उत्तराच्या तीन ओळी, भरलेल्या पाण्याच्या बाटल्यांची रांग, आणि एकच मागणी: “मोटर दुरुस्त करा आणि चावीची नोंद ठेवा.” बाटल्यांची कल्पना मुलींची. चेहरा एकही नाही, तरी सगळं कळतं.

एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा. उत्तराच्या कागदावर कर्मचाऱ्यांची नावं आणि मोबाईल नंबर होते. फोनमधल्या मार्करनं ते खोडले, पण फोटोचा उजेड वाढवल्यावर खालचं वाचता येत होतं. टाकायच्या आधी एका मुलीनं पाहिलं म्हणून बरं. मग कागदावरच पांढऱ्या पट्ट्या चिकटवून नव्यानं फोटो काढला.

कमेंट बंद ठेवाव्यात असं काहींचं म्हणणं होतं. मुलांच्या समितीनं चालू ठेवायचं ठरवलं, पण उत्तरं मोठ्यांनीच द्यायची, आळीपाळीनं. नको असलेल्या शब्दांची गाळणी लावली तर पहिल्याच रात्री कुचकामी ठरली: आपल्याकडच्या शिव्या लोक इंग्रजी अक्षरांत, हव्या त्या स्पेलिंगनं लिहितात. एकाच शब्दाची चार-पाच रूपं भरावी लागली. मुलींच्या कपड्यांवर घाण लिहिणाऱ्या एकाचे स्क्रीनशॉट ठेवून सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार केली.

१२ ऑक्टोबर

पालिका निवडणुकीचं वारं. एका इच्छुकानं आमची पोस्ट उचलून त्यावर स्वतःचा फोटो लावून फिरवली आणि आज मैदानावर येऊन सगळ्या संघाला जर्सी देतो म्हणाले. जर्सीवर नाव, मुलांसोबत एक फोटो. जर्सी आम्हाला खरंच हव्या आहेत, जुन्यांचे नंबर गेलेत. सर घ्यायच्या बाजूचे होते. खेळाला पैसा कुठून तरी यावाच लागतो, हे त्यांचं म्हणणं अगदी खोटं नाही.

निर्णय समितीकडे दिला. कुमारीच्या कप्ताननं मुद्दा मांडला की आपण ज्यांच्याकडे मागणी केली त्यांना उद्या वाटेल ही यांचीच माणसं. मी तिथं एक गोष्ट सांगितली: २०२४ च्या लोकसभेआधी केंद्रीय निवडणूक आयोगानं मुलांना प्रचारात वापरू नका असं पक्षांना बजावलं होतं. मुलांनी पत्र लिहिलं: जर्सीबद्दल आभार, निवडणूक झाल्यावर नावाशिवाय दिल्यात तर घेऊ, आमची पोस्ट मूळ रूपात ठेवावी. अजून जर्सी आलेल्या नाहीत.

९ नोव्हेंबर

४ तारखेपासून आचारसंहिता. मंजुरी आता निवडणुकीनंतर, असं तोंडी उत्तर मिळालं. तोंडी उत्तर ‘ऐकलं’च्या चौकोनात, असं म्हणून मुलांनी ते लेखी मागितलं. पंधरवड्यानं लेखी आलं, त्यात मात्र “दुरुस्ती किरकोळ स्वरूपाची असल्याने तातडीने करण्यात येईल” असं होतं.

१४ डिसेंबर

मोटर बसली. मुलींचं स्वच्छतागृह उघडलं आहे. चावी काकांकडे, वहीत सहीनिशी. सफाई मुलींनीच करावी अशी सूचना आली होती, ती आम्ही लेखी नाकारली. मुलांच्या स्वच्छतागृहाची सफाई मुलगे करत नाहीत, आणि हे ठेक्यातलं काम आहे. कपडे बदलायच्या खोलीत मंडपाचे बांबू अजून तसेच आहेत.

एकूण खर्च शेंगदाणे-गूळ धरून पाच हजारांच्या आत, बहुतेक वर्गणीतून. वेळ सगळ्यात जास्त कागदांच्या मागे गेला.

दिव्यांच्या अर्जाला तीस दिवस केव्हाच उलटले, उत्तर नाही. पहिलं अपील करायची मुदतही आम्ही स्पर्धेच्या गडबडीत ओलांडली. उशिराचं कारण लिहून अपील दाखल करता येतं, वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणला आहे. मसुदा यावेळी समितीनं लिहिला. त्यात एकदाही ‘का’ नाही. मंगळवारी देणार.